टाकीतला दानधर्म

शिरवळचा माणूस दानशूर आहे, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या पाळीला एमआयडीसीत निघालेला गडी पंपावर थांबतो, "एकशे दहाचं टाक," म्हणतो (शंभरचं म्हटलं की मशीन फसवतं, यावर त्याची अढळ श्रद्धा आहे), झिरो बघतो आणि निघतो. त्याला वाटतं, आपण पेट्रोल घेतलं. खरं तर त्याने सकाळी सकाळी धर्मादाय उरकलेला असतो. त्या पुण्याईचे दोन थेंब तेवढे टाकीत पडतात.

या दानाला इतिहास आहे. २०१५च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले. माण-खटावच्या कोरड्या विहिरींसाठी शिरवळच्या मोटारसायकलीने घास काढून ठेवला, यात वावगं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला. दुष्काळ रजेवर गेला, अधिभार मात्र कामावर हजर राहिला.

मग आली दारूबंदी, तीही फक्त हायवेपुरती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १ एप्रिल २०१७पासून महामार्गालगत पाचशे मीटरच्या आतली दुकानं बंद झाली आणि सरकारी तिजोरीची उतरली. त्याच एप्रिलमध्ये पेट्रोलवरचा, तोवर सहा रुपयांवर पोचलेला अधिभार नऊ झाला, मे महिन्यात नवाचा अकरा. दारूने पाडलेला खड्डा पेट्रोलने बुजवायला घेतला. पिणारा पाचशे मीटर आत चालत गेला, त्याचं काहीच बिघडलं नाही. गळ्यात माळ घातलेला आमचा वारकरी मात्र स्कूटरवरून आळंदीला जाताना, आयुष्यात कधी न प्यायलेल्या दारूचा महसूल दर लिटरला भरत गेला. पुढे हा अधिभार कमी-जास्त होत होत २०२२च्या जुलैत पाच रुपये बारा पैशांवर आला. वरचे बारा पैसे कशाचे, असं विचारू नये. दान देताना हिशेब मागणारा पापात पडतो.

यावर शहाणे म्हणतात, "अहो, क्रूड वाढलं की पेट्रोल वाढणारच." बरोबर आहे. फक्त २००८च्या जुलैत क्रूड पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, तेव्हा मुंबईत पेट्रोल पंचावन्नच्या घरात होतं. २०२०च्या एप्रिलमध्ये भारताला तेच क्रूड वीस डॉलरच्या आसपास मिळू लागलं, तेव्हा पेट्रोल शहात्तर. २० एप्रिल २०२०ला तर अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरवर आपटला. तिकडे तेल न्यायला वर पैसे देत होते, आणि इकडे मे उजाडताच केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलला दहा आणि डिझेलला तेरा रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही, तिला वाटेतच उतरवून घेतलं. या सगळ्यावर राज्याचा व्हॅट बसतो, तोही शुल्कासकट किमतीवर. करावर कर, म्हणजे दानावर दक्षिणा.

भाव म्हणे बाजार ठरवतो. २०१०मध्ये पेट्रोल बाजाराच्या हवाली झालं, २०१४मध्ये डिझेल. १६ जून २०१७पासून भाव रोज बदलू लागला. हा बाजार फार संस्कारी आहे, आचारसंहिता पाळतो. नोव्हेंबर २०२१पासून १३७ दिवस तो हललाच नाही. मधे रशियाने युक्रेनवर हल्ला केला, क्रूड शंभरीपार उडालं, तरी बाजार गप्प. १० मार्चला उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचे निकाल लागले, २२ मार्चला बाजाराला कंठ फुटला आणि सोळा दिवसांत त्याने दहा रुपये वसूल केले. आमच्या मते पेट्रोलचा भाव अर्थखात्याकडून काढून निवडणूक आयोगाकडे द्यावा.

क्रूड महागलं की टपरीवर होर्मुझच्या सामुद्रधुनीची चर्चा रंगते. शिरवळकराला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याच्या उशाशी खंबाटकीचा घाट आहे. अरुंद जागा, सगळ्यांची तीच वाट, आणि एक कंटेनर आडवा पडला की जग ठप्प. फरक इतकाच की होर्मुझ अडली तर तेल मिळत नाही आणि खंबाटकी अडली तर मिळालेलं तेल जागेवर जळतं. शनिवारी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या एसी लावून घाटात उभ्या असतात. गाडी इंचभर हलत नाही, पण कर पळत असतो.

ट्रकवाल्यांचं शहाणपण वेगळं. कर्नाटकात डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त पडायचं, म्हणून बंगळूरच्या वाटेवर निपाणीला टाकी फुल्ल करायची. एका ड्रायव्हरला विचारलं, "निपाणी महाराष्ट्रात यावी ना?" तो म्हणाला, "यावी की सायेब! फकस्त पंप तिकडंच ऱ्हावं द्या." सीमाप्रश्नावर इतका व्यवहारी तोडगा अजून कुठल्या समितीने दिलेला नाही.

विरोधकांनी आवाज उठवला नाही, असंही नाही. १९७३मध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध बैलगाडीतून संसदेत गेले. २०२१मध्ये मुंबईत काँग्रेसवाले त्याच कारणासाठी बैलगाडीवर चढले आणि वजनाने गाडी मोडली. सत्ता गेली की बैल आठवतो, आली की टँकर. बैलाने मात्र अजून कुठल्याच पक्षात प्रवेश केलेला नाही.

तेव्हा भाव कमी करा, अशी क्षुद्र मागणी आम्ही करणार नाही. दात्याने मागू नये. मात्र देवळाच्या पायरीला पाचशे रुपये दिले तरी फरशीवर नाव कोरतात. त्याच न्यायाने प्रत्येक पंपावर संगमरवरी फरशा बसवाव्यात आणि वडापवाले, दूधवाले, टेम्पोवाले यांची नावं दात्यांच्या यादीत घ्यावीत. शिवाय एवढ्या दानाला आयकरात ८०जीची सूट मिळायलाच हवी. पावती आम्ही जपून ठेवली आहे. तिच्यावरची शाई तेवढी आठवड्यात उडाली.