संघर्ष पाहिजे, त्वरित!

दिवाळी अंकात स्वतःच्या जडणघडणीवर लिहायचं, तर गाठीला संघर्ष हवाच. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन आलं, १९८० साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. त्यांनी भोगलं ते लिहिलं. आमच्या लेखकरावांची पंचाईत अशी, की वडील बँकेत आणि घर कोथरूडला. मग साभार परत आलेली कविता हाच वनवास, आणि गणितातले ५२ मार्क म्हणजे परिस्थितीचे चटके! पुढे तीन पानं 'मी कोण?' याचा शोध. (बायकोला विचारलं असतं तर एका ओळीत कळलं असतं.) 'बलुतं'मध्ये दया पवारांसमोर त्यांचंच दुसरं रूप, दगडू पवार, येऊन बसतो, बोलतो. इथे समोर फक्त आरसा, आणि फोटो कोणता छापायचा याची चिंता. संपादक महाराज, मानधन शब्दांवर द्या, हुंदक्यांवर नको.