मी डॉगपर्सन आहे!

डॉगपर्सन हा प्राणी अंधेरी पश्चिमेला बारमाही आढळतो. सकाळी लोखंडवालाच्या बॅक रोडवर, संध्याकाळी वर्सोव्याच्या वाळूत आणि एरवी कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये. त्याच्याकडे स्वतःचा कुत्रा नसतो. भाड्याच्या घरात मालक ठेवू देत नाही, बायकोला केसांची अ‍ॅलर्जी असते, किंवा मग "आमच्या गावी होता हो, मोती. गेला तेव्हा दोन दिवस जेवलो नाही मी." तेव्हापासून साचलेली ती सगळी माया ओतायला त्याला रस्त्यात आमचा वाघ्या सापडतो.

वाघ्या शित्झू आहे. वजन पाच किलो, त्यातले निम्मे केसच असावेत. नाव माझ्या वडिलांनी ठेवलं, नावाने तरी थोडं बळ येईल म्हणून. ते काही आलं नाही. तो कुकरच्या शिटीला घाबरतो, उघडणाऱ्या छत्रीला घाबरतो आणि समोरून अनोळखी माणूस येताना दिसला की माझ्या दोन पायांच्या मध्ये शिरून बसतो. रूप मात्र देवाने असं दिलंय की रिक्षावालासुद्धा सिग्नल सुटला तरी बघत राहतो.

डॉगपर्सनचा आवाज दहा पावलं आधीच बदलतो. चांगला पन्नाशीचा, दिवसभर लोकांना इन्कम टॅक्सची भीती घालत असेल असा गृहस्थ एकदम "अले अले, कोण आलंय?" सुरू करतो. वास्तविक आलेला तोच असतो. मग ठरलेले प्रश्न. "कितने महिने का है?" सात वर्षांचा आहे. "मेल की फीमेल?" "काटता तो नहीं?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधीच हात वाघ्याच्या डोक्यावर पोचलेला असतो.

वाघ्या मान फिरवतो. जिभेने नाक चाटतो. जांभई देतो. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. कुत्र्यांच्या वागण्याचा थोडाफार अभ्यास असलेला कुणीही सांगेल, ही सगळी लक्षणं भेदरल्याची. डॉगपर्सनचं निदान वेगळं असतं. "लाजतोय! झोप आली का सोन्याला? बघा कसा तिरका बघतो, बदमाश!" मी म्हणतो, "जरा घाबरट आहे हो." तर म्हणे, "मला नाही घाबरणार. कुत्र्यांना माणूस बरोब्बर कळतो. मी डॉगपर्सन आहे."

माणूस कळलेलाच असतो. म्हणून तर वाघ्या माझ्या पोटऱ्यांमागे असतो.

त्यातून लिफ्टमध्ये गाठ पडली तर सुटका नाही. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येणार नाही, असं पशु कल्याण मंडळाने 2015 साली सोसायट्यांना बजावलं, ते चांगलंच केलं. पण आत शिरल्यावर माणसांपासून कुत्र्याला कोण वाचवणार? सातव्या मजल्यापर्यंत हात चाटून घ्यायचे सगळे प्रयत्न फसले की डॉगपर्सन उठून उभा राहतो आणि माझ्याकडे संशयाने बघतो. "मारता वाटतं याला?"

आराम नगरच्या बाजूला याचीच एक पोटजात भेटते, ऑडिशन देऊन बाहेर पडलेली. त्यांना वाघ्यात करिअर दिसतं. 'हम आपके हैं कौन'मधला टफी 1994 पासून लोकांच्या लक्षात आहे, 2003 मध्ये हचच्या जाहिरातीतल्या पगने घरोघरी पग आणवले. "सर, इसका भी टाइम आयेगा," म्हणत एका मुलाने फोटो काढले. सगळ्या फोटोंत मिळून एक शेपूट आणि माझी चप्पल आली. टाइम बहुतेक चपलेचा येणार.

आणि वाघ्याला आवडतं कोण? आमच्या बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला. त्याला कुत्रे मुळीच आवडत नाहीत. "केस लगते हैं कपडे को," एवढंच तो म्हणतो आणि मान वर न करता कॉलरवरून इस्त्री फिरवत राहतो. वाघ्या आपण होऊन त्याच्या टेबलाखाली जातो, त्याच्या पायावर हनुवटी टेकतो आणि डोळे मिटतो. एकदा एका बाईंनी हे बघितलं. रोज बिस्किटं घेऊन वाट बघणाऱ्या त्या बाई. "असं काय आहे त्याच्यात?" म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वाघ्याशी बोलल्या.

तेव्हा वाचकांत जे डॉगपर्सन असतील त्यांना विनंती. वरून वाकू नका, डोळ्यांत डोळे घालू नका, डोक्याकडे हात नेऊ नका. थोडं बाजूला वळून उभे राहा, हात सैल सोडा आणि त्याला हुंगायचं तर हुंगू द्या. नाहीच आला, तर माझ्याशी बोला. सगळा बॅक रोड मला 'वाघ्या के पापा' म्हणतो; मला माझंही एक नाव आहे, ते विचारलंत तरी चालेल.