तात्यांचा काटा

सकाळी सहाच्या सुमाराला लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या रस्त्यावर चालायला येणाऱ्यांत मध्यंतरी एक माणूस हमखास दिसायचा. त्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची आणि दोन्ही त्याची नसायची. हे आमचे तात्या. उजव्या हातावर पुतण्याचं, डाव्या हातावर मुलीनं पुण्याहून ‘वापरून बघा’ म्हणून पाठवलेलं. मध्ये थांबून ते दोन्ही हात पुढे धरायचे, एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे, आणि कुणाचा तरी खोटेपणा पकडल्यासारखं हसायचे.

तसं म्हटलं तर तात्या गावोगाव असतात. भिगवणपासून इंदापूरपर्यंत हायवेला लागलेल्या प्रत्येक गावात एक तरी सापडेल. डॉक्टरांनी ‘चाला’ म्हणून सांगितलेलं असतं, खिशात पैसे असतात, वेळेला तर तोटाच नसतो. तरी घड्याळ घेणं होत नाही, कारण दुकानदार फसवणार याची खात्री असते. आमच्या तात्यांचं इतकंच वेगळं की त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. कारखान्याचं नाव सांगत नाही. इंदापूर आणि बारामतीत मिळून कारखान्यांना तोटा नाही, ज्याला जो वाटेल तो त्यानं समजावा.

काट्यावरच्या माणसावर जगात कुणी विश्वास ठेवत नाही. ऊस घेऊन आलेला शेतकरी आधी आकडा बघतो, मग तात्यांच्या तोंडाकडे बघतो, आणि मग म्हणतो, “तात्या, काटा मारला जणू.” हे वाक्य तात्यांनी हंगामच्या हंगाम ऐकलं. सख्ख्या मेहुण्याकडून ऐकलं. त्यामुळे आकडा दाखवणारं कुठलंही यंत्र समोर आलं की तात्यांना पहिल्यांदा एकच गोष्ट बघायची असते, हे मारतं किती.

इंदापूरच्या दुकानात आम्ही गेलो तो प्रसंग बघण्यासारखा होता. पोरगं उत्साहात सांगत होतं, शंभर वॉच फेस आहेत, घड्याळावरून फोनवर बोलता येतं, गाणं बदलता येतं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाण्यात चालतंय का?” पोरगं म्हणालं, आयपी ६८ आहे. “मंजे मोटारीचा फुटव्हॉल्व्ह काढाया हिरीत उतारलो तर?” पोरग्याला फुटव्हॉल्व्ह ठाऊक नव्हता. “आन् बाहेर उन्हात आकडा दिसंल का?” पोरग्यानं घड्याळ दुकानाच्या दारात नेलं. एप्रिलच्या दुपारी इंदापूरच्या रस्त्यावर त्या पडद्यावर तात्यांना स्वतःची मिशी तेवढी दिसली. घड्याळ परत काचेच्या कपाटात गेलं. माझ्या मते त्या दुकानात त्या दिवशी विचारले गेलेले हे दोनच कामाचे प्रश्न होते. घड्याळावरून फोनवर बोलणारी माणसं मी पाहिलेली आहेत. चालत्या मोटारसायकलवर मनगट तोंडाशी धरून “आवाज येत नाही” एवढंच ओरडत असतात.

मग सुरू झाल्या चाचण्या. पहिली चाचणी तात्यांच्या बायकोवर, म्हणजे आमच्या काकींवर झाली, आणि तीही न विचारता. भाकऱ्या करायला बसलेल्या काकींच्या मनगटावर तात्यांनी पट्टा चढवला आणि शेजारी पाट घेऊन बसले. सात भाकऱ्या झाल्या तेव्हा चुलीपुढून तसूभरही न हलता काकी सव्वाचारशे पावलं चाललेल्या होत्या. दुसऱ्या फेरीत त्याच काकी दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन गोठ्यापासून डेअरीपर्यंत खरोखर गेल्या. घड्याळानं निम्मीच पावलं धरली. कारण साधं आहे. या यंत्राला पाय कळत नाहीत. आत हालचाल टिपणारं बारीक यंत्र असतं, त्याला मनगटाचे झोके कळतात, आणि ठरावीक लयीतला झोका म्हणजे पाऊल असं ते धरून चालतं. हात भाकरी थापतोय की चालताना मागंपुढं होतोय यातलं अंतर त्याला नेहमीच उमजतं असं नाही. किटलीच्या वजनानं हात ताठ झाला की त्याच्या लेखी माणूस उभाच. “बाईमाणसाचं काम कुठल्याच काट्यावर येत न्हाई,” एवढं बोलून काकींनी घड्याळ काढून ठेवलं. डेअरीत फॅट कमी लागली होती, त्यामुळे त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं.

आषाढात तुकोबांची पालखी तालुक्यातून गेली तेव्हा तात्यांनी दोन घड्याळं घालून निमगाव केतकीहून इंदापूरच्या दिशेनं वाट धरली. वाटेत एका दिंडीत पावली सुरू होती. तात्या टाळ घेऊन शिरले. चार पावलं पुढं, चार मागं, टाळ वाजतोय, हात नाचतोय. अर्ध्या तासानं बघतात तर पावलांचा आकडा भलताच चढलेला आणि माणूस जवळजवळ तिथंच. जीपीएस असलेल्या घड्याळानं अंतर अगदी थोडंसं दाखवलं. दुसऱ्यात जीपीएस नव्हतं, ते उंचीवरून पावलाची लांबी ठरवून नुसता गुणाकार करत होतं, त्यानं तात्यांना थेट पुढच्या गावात नेऊन सोडलं.

अंतराचा हिशेब मात्र त्यांनी शेतातच चुकता केला. त्यांचं एक एकराचं रान जवळजवळ चौरस आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, चौरस असला तर एक बाजू २०९ फुटांच्या आत-बाहेर. चार फेऱ्या बांधावरून मारल्या की एक किलोमीटर होऊन वर अठरा-एक मीटर उरतात. तात्या मोजणीच्या टेपनं बाजू मोजून, खुंट्या ठोकून, डाळिंबाच्या कडेनं फिरले. ज्यांना हिंजवडीत ट्रॅक नाही म्हणून चालता येत नाही, त्यांनी ही सोय लक्षात घ्यावी. फक्त बांध सरळ असलेला भावकीतला एखादा शोधावा लागेल.

ठोक्यांची गोष्ट त्याहून गमतीची. घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा उजेड शोषतं, प्रत्येक ठोक्याला कमीजास्त रक्त येतं तसा परत फिरणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. तात्यांनी हे ऐकलं आणि पट्टा दुधी भोपळ्याला बांधला. भोपळ्याचे ठोके आले ७८. “परकृती ठणठणीत हाय,” तात्या म्हणाले आणि भोपळा काकींच्या हवाली केला. असं होतं खरं, काहीच सापडलं नाही की काही घड्याळं डोळे झाकून आकडा देतात. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि नीट घट्ट असला तर माणसाचा आकडा बऱ्यापैकी जमतो. गाईनं लाथ उगारली तेव्हा तात्यांचे ठोके १४१ वर गेले, ते कुणालाही पटावं. छातीत कळ आली तर मात्र मनगटाकडे न बघता गाडी काढायची, हे काकींनी त्यांना बजावून ठेवलंय.

झोपेची चाचणी मुद्दाम करावी लागली नाही. ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी घड्याळानं आदल्या दिवशी सकाळी अकरा ते साडेबारा ‘गाढ झोप’ दाखवली. तात्या शपथेवर सांगतात की डोळे उघडे होते.

कॅलरीचं प्रकरण मात्र त्यांनी एका झटक्यात निकालात काढलं. मी त्यांना सांगितलं होतं की अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये सात प्रकारची मनगटी यंत्रं ६० माणसांवर तपासली. ठोके सातांपैकी सहांनी ठीक मोजले, पण जळलेल्या कॅलरींत सगळ्यांत बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. तात्यांना आश्चर्य वाटलं नाही. “पावलं मंजे वजन, ती डोळ्याम्होरं व्हत्यात. कॅलरी मंजे उतारा. कारखाना म्हनंल तो.”

आणि रोजची दहा हजार पावलं? मी त्यांना तीही हकिकत सांगितली. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात चालण्याची हवा होती, १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं. आकडा तिथून जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेना. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंजे साडेसात हजार ही एफआरपी झाली. दहा हजार हा आंदोलनातला भाव.”

एवढं कळणारा माणूस घड्याळ का घेतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्याकडं चालणं खरंच कमी झालंय. पूर्वी रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं, मोटार चालू करायची, बारं धरायचं, पहाटे परत. आता ऑटो स्टार्टर आहे, मोबाइलवरून मोटार चालू होते, ठिबक सोडलं की पाणी आपलं आपण जातं. डेअरीला जायला गाडी. वाचलेली पावलं सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर जाऊन भरावी लागतात, आणि हंगामात तर हायवेकडं चालायला जाणंही नको, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कानाजवळून जातात.

शेवटी तात्यांनी घड्याळ घेतलं. सगळ्यांत साधं. बारीक पट्टा, उन्हात दिसणारा आकडा, एका चार्जिंगमध्ये आठवडाभर चालणारं. पावलं बरोबर मोजतं का, विचारलं. “न्हाई. शंभराला सात-आठ जास्त धरतंय.”

“मग हेच का?”

“रोज तेवढंच जास्त धरतंय. काटा मारंना का, पर रोज सारखा मारला पायजे. मंग हिशेब जमतो.” आयुष्यभर काट्यावर बसलेल्या माणसाचं हे मत मी जसंच्या तसं देतो. कालच्यापेक्षा आज जास्त चाललो की कमी, एवढंच ज्याला बघायचंय, त्याला याहून महाग घड्याळाची गरज मलाही दिसत नाही.

आता अडचण वेगळीच आहे. सकाळच्या मंडळींत पैज लागते, महिन्याला ज्याची पावलं जास्त त्याला बाकीच्यांनी मिसळ द्यायची. तात्यांचा आकडा वर निघाला की मागून कुणीतरी म्हणतंच, “तात्या, काटा मारला जणू.” म्हणून तात्यांनी रीतसर पद्धत घालून दिली. ट्रॉली आधी भरलेली तोलतात, मग रिकामी, आणि वजाबाकी करतात. तसं प्रत्येकानं घड्याळ घालून एक अख्खा दिवस घरी बसायचं. जेवण, तंबाखू मळणं, माशा मारणं, यात जी पावलं पडतील ते रिकामं वजन. रोजच्या आकड्यातून ते वजा, उरेल ते निव्वळ. तात्या वहीत तीन रकाने आखून लिहितात आणि चहाच्या टपरीवर ज्याला त्याला चिठोरं फाडून देतात.

गेल्या महिन्यात पैजेत काकी उतरल्या. तात्यांनी भाकरीची सव्वाचारशे पावलं रिकाम्या वजनात घातली. काकींनी चिठोरं वाचलं, वही मागून घेतली, तो रकाना खोडला आणि सांगितलं की वजा करायची असतील तर आजपासून भाकऱ्याही वजा. तात्यांनी नव्यानं चिठोरं फाडलं. मिसळ काकींनी खाल्ली.