बाजारगमनविधी : भोर-वेल्हे खंड

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराची १९२८ साली खुली झालेली मध्यवर्ती मंडई, माद्रिदची लोखंडी खांबांची सान मिगेल मंडई किंवा बार्सिलोनाची बोकेरिया येथे प्रवाशाने कोणत्या वेळी जावे, काय चाखावे आणि कशाला हात लावू नये, याविषयी विपुल वाङ्मय उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (नव्या नावाने राजगड) या तालुक्यांतील आठवडे बाजारांबाबत मात्र असे काही लिहिले गेलेले नाही, कारण तेथे नेमाने बाजार करणाऱ्याला मार्गदर्शनाची गरज नसते आणि ज्याला ती असते त्याला ते ठाऊक नसते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या वर्गासाठी, म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून आणि कापडी पिशवी घरी विसरून पुण्याहून येणाऱ्या जिज्ञासू नागरिकासाठी आहे.

प्रथम छपराचा विचार करणे इष्ट. मंडई म्हणजे छप्पर ही युरोपीय समजूत पुण्यात १८८६ साली रे मार्केटच्या रूपाने अवतरली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव धारण करणाऱ्या या इमारतीवर पैसा घालण्यास नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आणि वाद अत्यंत सन्मानपूर्वक निकालात निघाला. आठवडे बाजारात असा प्रसंग उद्भवत नाही, कारण तेथील मुख्य वास्तुप्रकार पाल हा आहे. पाल म्हणजे बांबूंवर दोरीने ताणलेली ताडपत्री; ती सकाळी उभी राहते, सायंकाळी गुंडाळली जाते आणि तिची उंची बसून विकणाऱ्याच्या सोयीने ठरलेली असते. त्यामुळे उभ्याने पाहणी करू इच्छिणाऱ्या पाहुण्याने मान लववूनच प्रवेश करावा. जो हे विसरतो त्याला ताणलेली दोरी आठवण करून देते.

बाजाराचा वार शोधण्यासाठी मोबाईल उघडू नये. सातारा रस्त्यावर वेल्ह्याकडे वळणाऱ्या नसरापूर फाट्यावर किंवा भोरकडे वळणाऱ्या कापूरहोळला उभे राहून एस.टी.त चढणाऱ्यांची बोचकी मोजली, तर आज वार आहे की नाही हे पंचांगापेक्षा खात्रीने कळते.

स्पेनमधील मंडईत गिऱ्हाईक दुकानासमोर येताच शेवटचा कोण, असे विचारते, कोणीतरी हात वर करतो आणि अदृश्य रांग लागते. भोरमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्याकडे सर्वजण सहानुभूतीने पाहतात आणि त्याच्या पुढे जातात. येथील क्रम आवाज, ओळख आणि पुढे केलेल्या सुट्या पैशांवरून ठरतो. संबोधनाबाबतही दक्षता हवी: विक्रेतीला मावशी म्हणणे सर्वमान्य आहे, परंतु पन्नाशीच्या गृहस्थाने चाळिशीच्या बाईला आजी म्हटल्यास वांग्याचा भाव त्या क्षणी चढतो आणि पुन्हा उतरत नाही.

तांदळाचे प्रकरण सर्वांत नाजूक होय. पाहुणा इंद्रायणी मागतो आणि हा तांदूळ शिवकाळापासून मावळात पिकत असावा अशा श्रद्धेने तो हुंगतो. वस्तुतः वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून काढलेले हे वाण १९८७ साली प्रसारित झाले. श्रद्धेला धक्का न लावता त्याने एवढेच विचारावे की तांदूळ नवा आहे की जुना, कारण नव्याचा भात चिकट होतो आणि त्याबद्दलची तक्रार पुढील बाजारात ऐकून घेतली जात नाही. मापाविषयी असे की १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आणली, तरी बोलण्यात पायली टिकून आहे. पायली म्हणजे चार शेर, शेराचे अर्धे मापटे आणि मापट्याचे अर्धे चिपटे. यावर शीग असते, म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा निमुळता ढीग, जो कोणत्याही कायद्यात नाही आणि ज्यावरून विकणाऱ्याची दानत ओळखली जाते. शीग हाताने सपाट करून माप अचूक आहे का हे तपासणारा पाहुणा अचूक माप घेऊन परततो; त्याला शीग मिळत नाही.

घासाघीस करावी किंवा कसे, याबाबत मतभेद आहेत. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होण्यापूर्वी ती करू नये, कारण पहिले गिऱ्हाईक परत पाठवणे अशुभ मानले जात असल्याने विक्रेती तोट्यातही माल देते आणि हा विजय लाजिरवाणा ठरतो. माल वाट्याने, म्हणजे जमिनीवर मांडलेल्या छोट्या ढिगांनी विकला जात असेल, तर एका वाट्यातील टोमॅटो दुसऱ्यात ढकलणे ही घासाघीस नसून चोरी होय. टोलनाक्यावर निमूटपणे पैसे भरून आलेल्या सद्गृहस्थाने कोथिंबिरीच्या जुडीवर मात्र अर्थशास्त्र मांडावे, ही प्रथा इतकी जुनी आहे की तिला परंपरेचा दर्जा देण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या येतात तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. पाहुणा भाजीचे नाव विचारतो, सेंद्रिय आहे का अशी पृच्छा करतो, आणि डोंगरात आपोआप उगवलेल्या पाल्याला कोणी कोणते खत घातले असेल याचा विक्रेती क्षणभर विचार करते. त्यानंतर ती विचारते की घरी करणार कोण. बाजार पाहायला आलेल्याला बाजार पाहू लागतो तो येथे. याचे उत्तर स्पष्ट न दिल्यास ती भाजी देण्यास नाखूश दिसते, आणि भारंगीची पाने उकळून पाणी टाकून न देता शिजवल्यास ती कडू लागते, हे ध्यानात घेता तिचा संशय निराधार म्हणता येत नाही.

वेल्ह्याकडील शाखा लहान आहे. तोरणा आणि राजगडाच्या वाटांवर रविवारी ताक आणि लिंबू सरबत विकणाऱ्या गावकऱ्यांशी भावाची चर्चा करू नये; ज्याला ती करावीशी वाटते त्याने तेवढ्याच ओझ्याची घागर स्वतः वर नेऊन पाहावी.

शेवटी सुकटीविषयी. वरंध घाट उतरला की कोकण सुरू होते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी बेगमीसाठी सुकट, बोंबील आणि वाकटी घेणाऱ्यांची बाजारात दाटी होते. पाहुण्याने ती अवश्य घ्यावी, परंतु मोटार वातानुकूलित असल्यास पुडी टपावर बांधावी, आणि टप नसल्यास एस.टी.ने यावे.