पोफळीचं तिसरं टॅपिंग

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाला तळाकडून भोक पाडून पाणी बोगद्यात घेण्याचा पराक्रम आजवर दोनदा झाला, १३ मार्च १९९९ला आणि २५ एप्रिल २०१२ला. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. तिसरं टॅपिंग माझ्या उजव्या बरगड्यांमधून झालं, पण त्याची बातमी एकाही पेपरात आली नाही.

पोफळीच्या वीजघरात उभी हयात गेलेल्या माणसाच्या फुप्फुसाभोवती पाणी साचावं, याची आमच्या वसाहतीला भलतीच मौज वाटली. "किती मेगावॅट निघतील हो?" असं विचारून लोक बिस्किटपुडा ठेवून जायचे. वास्तविक मी तिथे कारकून. टर्बाइन जवळून पाहिलं ते पाहुण्यांना दाखवायला नेलं तेव्हा.

पाणी काढणं त्या मानाने सोपं होतं. चिपळुणात डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून पाहिलं. ही युक्ती १७६१ साली आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने छापून प्रसिद्ध केली. त्याचे वडील सराई चालवायचे आणि दारू किती उरलीय ते पिंपं ठोकून ओळखायचे म्हणे. माझा आवाज भरलेल्या पिंपाचा आला. मग सुई टोचून लिटरभर पिवळसर पाणी काढलं आणि थांबले, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुगू दिलं तर त्यालाच सूज येऊ शकते. फुप्फुस उघडायला लागलं तसा मला खोकला सुटला. डॉक्टर म्हणाले, "छान!" मी मनातल्या मनात मृत्युपत्राचा मसुदा करत होतो.

निघताना त्यांनी सांगितलं: पट्टी ओली करू नका, काही दिवस जड उचलू नका, ताप आला, दम लागला किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब या. यातलं 'जड उचलू नका' एवढंच माझ्या कानात नीट शिरलं. मी आधी गॅसचं सिलिंडर नाकारलं, मग पाण्याची कळशी, मग बाजाराची पिशवी, आणि ताटावरून उठताना ताटही तिथेच ठेवलं, तेव्हा हिने विचारलं, "अहो, जीभ उचलायला जड नाही ना जात?"

मग ते तीन चेंडूंचं यंत्र. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की एकेक चेंडू वर चढतो. मी पट्टीचा शंख वाजवणारा, त्यामुळे गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर फुंकत राहिलो, चेंडू ढिम्म, शेजारचे आप्पा काळजीने कुंपणापाशी येऊन उभे, आणि मी त्यांना खुणेने सांगतोय की यंत्रच बिघडलंय. तेवढ्यात सात वर्षांच्या नातवाने ते माझ्या हातून घेतलं, ओढलं आणि तिन्ही चेंडू टपाटप वर नेले. "आजोबा, फुंकायचं नाही, सरबतासारखं ओढायचं."

पाण्याच्या तपासणीत क्षय निघाला. आपल्याकडे अशा पाण्याला बरेचदा तोच कारण असतो. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट, वर पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात. त्या हजारात मी ओल्या काजूची उसळ पाहत होतो. हिने अंडी उकडली. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत पाहतो तर लालकेशरी धार! आदल्या रात्री सोलकढी जरा जास्तच झाली होती, म्हणून आधी आगळाला शिव्या घातल्या, मग रक्तच असणार असं ठरवून अख्खं घर उठवलं, मुलाला गाडी काढायला लावली. त्याने शांतपणे गोळ्यांची चिठ्ठी वाचून दाखवली. रिफाम्पिसिनने लघवीला रंग येतो, घाबरू नये. आप्पा कुंपणापाशी होतेच.

दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला, पुन्हा पाठ वाजवली. पिंप रिकामं. एक कोपरा जरासा बोथट दिसतोय, पण चालेल, बरं वाटलं म्हणून गोळ्या मात्र मधेच सोडायच्या नाहीत, म्हणाले. "झोप कशी लागते?"

आजारपणात आडवं होता यायचं नाही, म्हणून मी उशांना टेकून बसल्याबसल्या गुपचूप झोपायचो. आता सपाट झोपतो. तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "डॉक्टर, पाणी होतं तोवर हे घोरत नव्हते हो. थोडं ठेवता आलं नसतं का?"