झारीतला शुक्राचार्य

ऑइल प्रेशरचा दिवा म्हणजे डॅशबोर्डवरची छोटी लाल झारी. किल्ली फिरवली की ती पेटते, इंजिन चालू झाले की दोन-तीन सेकंदांत विझते. अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या गाडीत ती बडनेरा ओलांडल्यावर पुन्हा पेटली, की प्रवासवर्णन रस्त्याच्या कडेला येऊन थांबते. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर सलग अंथरून गिनीज विक्रम झाला. तोवर गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे बिल खड्ड्यांवर फाडता येई. ती सोय गेली.

दिवा पेटताच इंजिन बंद करावे. ‘मूर्तिजापूरपर्यंत जाऊन पाहू’ हा विचार इंजिनाला परवडत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, थोड्या वेळाने डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल पुरेसे असले तरी दिव्यावर अविश्वास दाखवण्याची घाई नको. गाडी टोचन लावून घरी न्यावी. सेन्सरच्या जागी मेकॅनिकने मीटर बसवून खरा दाब मोजला आणि तो ठीक निघाला, तरच दोष झारीतल्या शुक्राचार्याचा, म्हणजे सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा.

हा सेन्सर म्हणजे बहुधा एक साधे बटण: आत पातळ पडदा आणि स्प्रिंग. दाब नसला की आतले टोक गाडीच्या बॉडीला टेकते आणि दिवा लागतो. दाब आला की पडदा ते टोक उचलतो. पडदा फाटला की ऑइल वायरच्या टोपीतून पाझरू लागते. एका वायरच्या सेन्सरची टोपी काढूनही, किल्ली चालू असताना दिवा पेटलेलाच राहिला, तर सेन्सर निर्दोष असून वायर कुठेतरी बॉडीला चिकटलेली असते.

सेन्सर बदलायचे काम इंजिन थंड असताना करायचे असते. वऱ्हाडात मे महिन्यात ही अट पहाटे पाचलाच पुरी होते. सेन्सर बहुतेक गाड्यांत ऑइल फिल्टरच्या आसपास असतो. वीतभर अंतरावर दिसतो, पण हाताला तिथवर पोचायला अकोल्याच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो. बॅटरीची वायर सोडवावी, खाली फडके धरावे, टोपीची कळ दाबून ती ओढावी आणि खोल गोटी लावावी. अनेक गाड्यांना 24 नंबरची लागते. घरातल्या डब्यात 22 आणि 27 हमखास सापडतात. एवढ्यात गल्ली जागी होते. ‘काऊन भाऊ, काय झालं?’ एवढ्या भांडवलावर चार सल्लागार बॉनेटवर वाकतात आणि उजेड अडवतात.

त्यांतला एक टेफ्लॉन टेप सुचवतो. तो नम्रपणे नाकारावा. एका वायरच्या सेन्सरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. टेप जाड झाली की खरा दाब गेला तरी दिवा लागणार नाही. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवावा, मग गोटीने बेताने आवळावा. आटे बहुधा निमुळते असतात. सगळा जोर लावला तर इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो.

टोपी आणि बॅटरीची वायर परत लावून इंजिन सुरू करावे, दिवा विझतो का ते पाहावे आणि सेन्सरभोवती कोरडे फडके फिरवावे. सांडलेले ऑइल डिपस्टिक पाहून भरून घ्यावे. दुसरी तपासणी मूर्तिजापूरला थांबून करावी. तिथेही बॉनेट उघडताच माणसे जमतात आणि ‘काहीच झालं नाही’ हे उत्तर कोणालाही पटत नाही.