उत्पन्नाचा साक्षात्कार

ज्या इसमाचे उत्पन्न निःसंशय आहे, परंतु सिद्ध करता येत नाही, त्याची गणना कोणत्या वर्गात करावी, हा प्रश्न खरे पाहता वेदान्ताच्या अभ्यासकांनी हाती घ्यावयाचा. कारण असणे आणि दिसणे यांतील भेद आपल्या बँकांचे गृहकर्ज-विभाग ज्या निष्ठेने पाळतात, तितक्या निष्ठेने तो अद्वैताच्या मठांतूनही पाळला जात नसेल.

आमच्या पेठेतील एका गुरुजींचे प्रकरण पाहा. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, विवाह आणि श्राद्धपक्ष या मार्गांनी त्यांच्या घरात येणारे द्रव्य पाकिटातून येते, त्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे डकवलेले असते, आणि देणारा ते वाकून नमस्कार करीत हाती ठेवीत असल्यामुळे त्या क्षणी पावतीपुस्तक उघडण्याचा अविनय कोणा पुरोहिताने केल्याचे ऐकिवात नाही. श्रावणापासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत गुरुजींना श्वास घ्यावयास सवड नसते. पौषात शेजाऱ्यांकडची वर्तमानपत्रेसुद्धा वाचून होतात. असे असूनही सदनिकेच्या कर्जाचा २०,८८४ रुपयांचा हप्ता, रोकड वेळेवर खात्यात भरून, ते दरमहा बिनतक्रार चुकता करीत आले आहेत. मुद्दल २० लाख शिल्लक, मुदत १५ वर्षे शिल्लक, व्याज साडेनऊ टक्के.

आता, २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला, आणि त्याचा गवगवा गुरुजींच्या कानापर्यंत पोहोचला. मात्र त्यांचे कर्ज जुन्या पद्धतीच्या दराचे असल्याने कपातीचा प्रसाद त्यांच्या ताटात पडला नाही. समोरच्या चौकातील दुसऱ्या बँकेने आठ टक्क्यांचा फलक लावला होता. कर्ज तिकडे नेल्यास हप्ता १९,११३ रुपयांवर येतो, म्हणजे दरमहा १,७७१ रुपये वाचतात, आणि बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यक्तीकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मज्जाव केलेला आहे, इतकी रुजुवात करून गुरुजी सदरा-उपरणे घालून त्या बँकेत दाखल झाले.

नोकरदार असता तर सोळा नंबरचा फॉर्म आणि पगाराच्या तीन चिठ्ठ्या ठेवून मोकळा झाला असता. स्वयंरोजगारी माणसाकडे मात्र तीन वर्षांची आयकर विवरणे, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, वर्षभराचा खातेउतारा आणि गुमास्ता परवाना मागण्याची वहिवाट आहे. यांपैकी विवरणे तेवढी गुरुजींपाशी होती, आणि घात नेमका त्यांनीच केला. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ४४ एडी हा हिशेबाच्या वह्या न ठेवणाऱ्या लहान व्यावसायिकांवर सरकारने केलेला अनुग्रह होता: रोखीच्या उलाढालीचे ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेचे ६ टक्के, इतके उत्पन्न मानून विवरण भरावे. याहून अधिक उत्पन्न दाखविण्यास कायद्याची हरकत नव्हती. तथापि त्या मुभेचा लाभ घेणारा करदाता आमच्या पाहण्यात आलेला नाही, आणि गुरुजींचे करसल्लागारही धर्मराज नव्हते. सबब सात लाखांच्या दक्षिणेचे वार्षिक उत्पन्न ५६,००० रुपये ठरले, आणि वर्षाकाठी अडीच लाखांचे हप्ते भरणारा गृहस्थ सरकारदप्तरी जवळजवळ अन्नछत्रास पात्र झाला. कोणी दुकानदार असता तर वस्तू व सेवा कराची विवरणे पुढे करता आली असती; परंतु धार्मिक विधींच्या सेवेला त्या करातून माफी असल्यामुळे, जो कर भरावा लागत नाही त्याचा पुरावाही मिळत नाही.

"गुरुजी, उत्पन्नाच्या मानाने हप्ता जड जातोय," शाखाधिकारी म्हणाले.

"साहेब, याहून जड हप्ता मी आज भरतोच आहे की."

"ते आम्हांला खात्यावर दिसतंय. पण तो कशातून भरता, ते दिसत नाही."

नैयायिक पर्वतावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करीत असत. आमच्या बँकेला धूर दिसतो, अंगाला धग लागते, क्वचित ठिणगीही उडते, परंतु अग्नी आहे असे म्हणण्यापूर्वी तिला अग्नीचा तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद लागतो. कमी हप्ता भरण्यास हा इसम असमर्थ आहे, सबब त्याने अधिक हप्ता भरीत राहावे, हा सिद्धान्त इतक्या गांभीर्याने मांडला जातो की ऐकणाराला आपल्याच बुद्धीची शंका यावी.

व्यवसायाच्या जागेची पाहणी करण्यास एक तरुण अधिकारी गुरुजींच्या घरी आला. गुरुजींचा व्यवसाय लोकांच्या घरी चालतो, हे समजल्यावर त्याने बराच विचार करून देव्हाऱ्याचे छायाचित्र घेतले आणि 'यंत्रसामग्री' या रकान्यात समई, ताम्हन व पळीपंचपात्र यांची नोंद केली. त्यानंतर एका बँकेतर संस्थेचा प्रतिनिधी येऊन गेला; त्याने विवरणाकडे ढुंकूनही न पाहता केवळ खात्यातील सरासरी शिलकेवर कर्ज देण्याची तयारी दर्शविली, व्याज मात्र सव्वाअकरा टक्के सांगितले. कर्ज स्वस्त करण्यासाठी ते महाग करण्याची ही तजवीज गुरुजींना पटली नाही. करसल्लागाराचा उपाय त्याहून सात्त्विक होता: यापुढे उत्पन्न खरे दाखवा, त्यावर कर भरा, आणि तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करा.

अखेरीस घरातील ट्रंक उपसताना शिक्क्याचा एक कागद सापडला. ज्या शाखेत अर्ज केला, त्याच शाखेचे लक्ष्मीपूजन गुरुजी कैक वर्षे सांगत आले आहेत, आणि दक्षिणेची नोंद 'किरकोळ खर्च' या सदराखाली करून बँकेने व्हाउचरची एक प्रत त्यांना दिलेली होती. उभ्या हयातीतील हा एकमेव लेखी पुरावा गुरुजींनी अर्जास जोडला. शाखाधिकाऱ्यांनी तो उजेडात धरून पाहिला, सही आपल्याच पूर्वाधिकाऱ्याची असल्याची खातरजमा केली, आणि सदर प्राप्ती वर्षातून एकदाच होणारी असल्याने ती नियमित उत्पन्नात धरता येत नाही, असा शेरा मारून प्रकरण परत पाठविले. त्याच लखोट्यात, यंदाच्या लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त सत्वर कळवावा, अशी विनंतीची चिठ्ठीही होती.